पोर्तुगालला जाताय? पोर्तुगीज शिकण्याबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याची, नौपाड्यात वाढलेली. ३८ व्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे लिस्बनला खेटून असलेल्या अमादोरामध्ये राहायला गेले, साडेसात वर्षं तिथेच होतो, आता परत ठाण्यात घोडबंदर रोडला आलोय. ऐरोली, महापेच्या कंपन्यांमधली ओळखीतली बरीच मुलं हल्ली पोर्तुगालला जातायत आणि कुणाकडून तरी नंबर मिळवून त्यांच्या बायका, कधी आया मला फोन करतात, प्रश्न जवळपास तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण खाली ती परत परत येणार आहे: पोर्तुगीज इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. मी पहिलं दीड वर्ष इंग्रजीतून शिकत बसले आणि त्यातलं फार थोडं हाती लागलं.

वय ४० च्या पुढे गेलंय, आता नवीन भाषा डोक्यात शिरेल का हो?

शिरते. लहान मुलांसारखा उच्चार नाही येणार, माझाही नाही आला, पण मोठ्या माणसाला नियम एकदा समजावला की कळतो, आणि आपण ठाण्या-मुंबईची माणसं तशीही मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत दिवसभर उड्या मारतच असतो ना, तेच डोकं इथे कामाला येतं. वेळ मात्र लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था आहे, ती इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी पोर्तुगीजला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास धरते, म्हणजे रोज एक तास धरला तर पावणेदोन-दोन वर्षं झाली. त्यामुळे ३० दिवसांत फाडफाड बोलायला शिकवतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. मी निघायच्या आधी इथल्याच एका क्लासला दिले होते, त्यांनी शिकवली ब्राझीलची पोर्तुगीज, आणि मी उतरले लिस्बनला.

मग ब्राझीलची आणि पोर्तुगालची वेगळी आहे का?

भाषा एकच, पण कानाला खूप वेगळी. बस पोर्तुगालमध्ये औतुकारु, ब्राझीलमध्ये ओनिबुस. ट्रेन इकडे कोंबोयु, तिकडे त्रेंग. मोबाईल, फ्रिज, बाथरूम, ज्यूस, सकाळचा नाश्ता, सगळ्यांना वेगळे शब्द. काही शब्द तर जपून वापरायचे, प्रोपिना म्हणजे पोर्तुगालमध्ये कॉलेजची फी आणि ब्राझीलमध्ये लाच, रापारिगा म्हणजे पोर्तुगालमध्ये साधी मुलगी आणि ब्राझीलच्या काही भागांत तो शब्द बाईसाठी चक्क शिवी आहे. व्याकरणातही फरक आहे, ‘मी करतेय’ हे दोघं वेगळ्या रचनेत म्हणतात.

पण मुख्य फरक उच्चारांचा. ब्राझीलचे लोक स्वर मोकळे करून बोलतात, ऐकायला सोपं जातं. पोर्तुगालचे लोक अर्धे स्वर गिळतात. तुम्ही जाणार असाल पोर्तुगालला तर पहिल्या दिवसापासून पोर्तुगालचंच ऐका. ड्युओलिंगो ॲपवर आहे ती ब्राझीलची, हे बऱ्याच जणांना महिनाभर करून झाल्यावर कळतं. शब्द पाठ व्हायला तिचा उपयोग होतोच, पण कान तयार होत नाही.

इंग्रजीवर भागत नाही का? सगळे म्हणतात तिथे सगळ्यांना येतं.

लिस्बनच्या मध्यावर, ऑफिसात, तरुण पोरांशी अगदी छान भागतं. तिथे टीव्हीवर परदेशी सिनेमे डब न करता खाली पोर्तुगीज ओळी देऊन दाखवतात, त्यामुळे त्यांचे कान इंग्रजीला सरावलेले असतात. पण टॅक्सच्या ऑफिसातला काउंटर, आपल्या वॉर्ड ऑफिससारखी असते ती जुंता द फ्रेगेझिया, आरोग्य केंद्राची रिसेप्शनिस्ट, सोसायटीची मीटिंग, प्लंबर, शेजारच्या आजी, इथे इंग्रजी संपते. आणि आयुष्य तिथेच असतं हो, ऑफिसात नाही.

मराठी माणसाला पोर्तुगीज सोपी की अवघड?

माझ्या मते इंग्रजी माणसापेक्षा आपल्याला सोपी.

पहिलं कारण लिंग. इंग्रजीतून शिकणारे रडतात की टेबल स्त्रीलिंगी कसं आणि पुस्तक पुल्लिंगी कसं. आपल्याला यात काहीच नवल नाही, आपल्याकडे तर तो खांब, ती भिंत, ते दार अशी तीन आहेत, त्यांच्याकडे दोनच. विशेषण नामाप्रमाणे बदलतं हेही आपल्या अंगवळणी पडलेलं, चांगला मुलगा, चांगली मुलगी. क्रियापदं माणसाप्रमाणे बदलतात, आपलीही बदलतात, म्हणून ‘मी’, ‘तू’ म्हटलं नाही तरी चालतं. ‘जातो मी’ ऐवजी आपण नुसतं ‘जातो’ म्हणतो ना, ते पण तसंच म्हणतात. इंग्रजीतून शिकताना मी प्रत्येक वाक्याला ‘एउ’ म्हणजे ‘मी’ लावायचे, शेजारच्या आजींनी एकदा हळूच सांगितलं, बाळ, तू सारखं मी मी काय करतेस.

दुसरं कारण शब्द. हे लिहिताना मला अजूनही आनंद होतो. बटाटा, पाव, चावी, बादली, घमेलं, बिजागरी, लिलाव, काजू, अननस, पपई, कोबी, इस्त्री, मिस्त्री, नाताळ, हे सगळे त्यांच्याकडून आपल्याकडे आलेले शब्द. मामलेदारच्या मिसळीबरोबर तुम्ही पाव मागता तेव्हा पोर्तुगीजच बोलता. हापूस तर माणसाच्या नावावरून आलाय, आफोन्सु. पगार म्हणजे त्यांच्याकडे पैसे देणे हे क्रियापद आहे, पगाराला ते सालारियु म्हणतात, कोव म्हणजे आपला गोल कोबी नाही तर हिरवी पानं, ज्याचं सूप करतात, पण असा थोडा फरक असला तरी शब्द लक्षात राहायला खुंटी मिळते. मी वहीत डाव्या बाजूला मराठी शब्द आणि उजव्या बाजूला त्यांचा शब्द अशी पहिली दोन पानं भरली तेव्हा वाटलं ही भाषा परकी नाहीये.

आणि ठाण्यात राहून हे कळू नये याचं मला वाईट वाटतं. आपलं मध्यवर्ती कारागृह आहे ना, तो किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला होता, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. तुरुंग हा शब्दसुद्धा त्यांच्या त्रोंकु वरून आलाय. अलिबागच्या पुढे रेवदंड्याजवळ कोर्लई गावात तर अजूनही पोर्तुगीजमधून तयार झालेली एक बोली घरात बोलतात, १७४० मध्ये पोर्तुगीज तिथून गेले तरी ती टिकली, साधारण हजारभर लोक असतील, ते तिला नोउ लिंग म्हणतात, आपली भाषा. मी मुद्दाम जाऊन ऐकून आले.

मग अवघड काय आहे?

तीन गोष्टी.

एक, ‘आहे’ला त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत, सेर आणि श्तार. पुस्तकात सांगतात कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर श्तार. या नियमावर फार विसंबू नका, कारण मेलेल्या माणसाला ते श्तार लावतात आणि त्याहून कायमचं काय असणार. मला उपयोग झाला तो असा विचार करून की वस्तू मुळात काय आहे याला सेर, आणि आत्ता कुठल्या अवस्थेत आहे याला श्तार. चहा गोड पेय आहे, सेर. चहा गार झालाय, श्तार.

दोन, ‘मला’. आपण म्हणतो मला कॉफी आवडते, मला भूक लागली. ते म्हणतात गोश्तु द कफे, म्हणजे क्रिया मीच करतेय, आणि मध्ये तो ‘द’ विसरायचा नाही. भुकेला तेन्यु फोम, माझ्याकडे भूक आहे. वयालासुद्धा तेच, माझ्याकडे ४० वर्षं आहेत. इथे मराठीतून शब्दाला शब्द ठेवून जमत नाही, वाक्यच्या वाक्य तोंडात बसवायचं.

तीन, वार. सोमवार म्हणजे सगुंदा फैरा, शब्दशः दुसरा. मंगळवार तिसरा, असं शुक्रवारपर्यंत, कारण मोजणी रविवारपासून. मी आपलं धरलं कामाचा दुसरा दिवस म्हणजे मंगळवार, आणि रेसिडेन्स कार्डाची अपॉइंटमेंट चुकवली, पुढची मिळेपर्यंत चार महिने गेले. वार पहिल्या आठवड्यात पाठ करा, बाकी सगळं नंतर.

मला वाचता येतं पण ते बोलले की एक शब्द कळत नाही. माझे कान खराब आहेत का?

नाहीत. हा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि यावर मी खूप बोलू शकते.

मी पहिल्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये गेले. दूध, अंडी, कांदे ठेवले, काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे न बघताच काहीतरी विचारलं, एकच लांब शब्द वाटला, ‘कोंत्रिब्विंत?’ असं काहीतरी. मी मान हलवली. तिने परत विचारलं. मागे चार माणसं. मी परत मान हलवली, तिने बिल दिलं आणि मी बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले, हातात कांद्याची पिशवी, आणि रडू यायचं बाकी होतं. ती फक्त विचारत होती की बिलावर टॅक्स नंबर टाकायचा का. हे तिथे प्रत्येक दुकानात प्रत्येक वेळी विचारतात. पूर्ण वाक्य सात-आठ शब्दांचं आहे पण बोलताना शेवटी एवढंच उरतं.

आता मराठी आठवा. आपण लिहितो ‘कुठे चालला आहेस’ आणि बोलतो ‘कुठं चाल्लायस’. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ते किती जड जात असेल. पोर्तुगालचे लोक तेच करतात, जोर नसलेला स्वर गिळून टाकतात, तेलेफोन लिहितात आणि तलफॉन म्हणतात, शब्दाच्या शेवटच्या स चा श करतात. म्हणून शब्द सुटा पाठ न करता ऐकू येतो तसा देवनागरीत लिहून घ्या. हो, देवनागरीतच. इंग्रजी अक्षरात लिहिलं की आपण इंग्रजीसारखं वाचतो. ल्य आणि न्य हे आवाज त्यांच्याकडे आहेत आणि आपल्याकडे तयार अक्षरं आहेत. आजी आणि आजोबांना शब्द दिसायला जवळपास सारखेच, आजी म्हणजे अवॉ, कॉफीतला ऑ, आणि आजोबा म्हणजे अवो, कोबीतला ओ. इंग्रजी मुलखातून आलेल्या माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला हा फरक वर्षभर ऐकूच यायचा नाही, आपल्याला लिहून दाखवता येतो.

नाकातला आवाज मात्र मुद्दाम घोटावा लागतो. पाव घ्यायला गेले आणि आपल्यासारखं ‘पाव’ म्हटलं तर बेकरीवाल्या काकूंना कळेना, कारण नाकातून न काढता म्हटलेल्या पाव चा अर्थ लाकूड, काठी. ब्रेडसाठी पाँव, शेवट नाकात जायला हवा. शब्द आपल्याकडे आला तेव्हा आपण त्याचं नाक काढून टाकलं. हिंदीतला ‘माँ’, ‘हूँ’ म्हणून बघा, मग तोच आवाज पाव मध्ये घाला. घरी जुनी पत्रं असतील तर काढा, माझी आजी गांव, नांव, तिथें असं टिंब देऊन लिहायची, कोकणातली माणसं अजून तसं बोलतात, म्हणजे हा आवाज आपल्या घरातलाच आहे.

ऐकायला काय? पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीचं आरटीपी प्ले ॲप आहे, त्यावर रोज दुपारच्या बातम्या. रोज तीच पाच मिनिटं तीन वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त ओळखीचे शब्द मोजा, बाकी काही नाही.

निघायला तीन महिने आहेत, ठाण्यात बसून किती करू?

आकडे १ ते १०००, वार, वेळ, पैसे, आणि रोजची ५० वाक्यं. व्याकरण फक्त वर्तमानकाळ. ऑनलाइन शिक्षिका पोर्तुगालमधली बघा, त्यांच्या उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे त्यांची दुपार ती आपली संध्याकाळ, ऑफिसवरून येऊन आरामात जमतं. एक शब्द आत्ताच लिहून ठेवा, पूश. दारावर लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ ओढा.

तिकडे गेल्यावर क्लास कुठे लावायचा? महाग असतात का?

आधी सरकारी बघा. परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांसाठी २०२० पासून ‘पुर्तुगेश लिंग्वा द अकोलिमेंतु’ नावाचे वर्ग आहेत, थोडक्यात पी-एल-ए, सरकारी शाळांमध्ये आणि रोजगार केंद्रांमध्ये भरतात, फुकट. पहिल्या दोन लेव्हलचे, म्हणजे ए-वन आणि ए-टू चे, मिळून १५० तास. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी असतात. जागा भरतात म्हणून पोचल्या पोचल्या जवळच्या शाळेत जाऊन नाव घाला, फोनवर विचारत बसू नका, स्वतः जा.

माझ्या वर्गात नेपाळच्या दोघी, एक बांगलादेशी काका, युक्रेनची नर्स आणि एक गुजराती बाई होत्या ज्यांचं सासर मोझांबिकमधून लिस्बनला आलेलं, तशी बरीच गुजराती कुटुंबं तिथे आहेत. आमची एकमेकांत सामाईक भाषा म्हणजे मोडकी पोर्तुगीजच, म्हणून सगळ्यात जास्त मी तिथे बोलले, मधल्या सुट्टीत.

परीक्षा द्यावी लागते का?

नागरिकत्वासाठी ए-टू लेव्हलचा पुरावा लागतो. त्यासाठी सिप्ल नावाची परीक्षा आहे, लिस्बन विद्यापीठाचं केंद्र घेतं, वाचन-लेखन, ऐकणं आणि बोलणं असे तीन भाग, ५५ टक्क्यांना पास. पी-एल-ए चं ए-टू चं सर्टिफिकेट असेल तर ही परीक्षा द्यावी लागत नाही, हे अनेकांना माहीतच नसतं आणि उगाच फी भरतात. किती वर्षं राहिल्यावर अर्ज करायचा याचे नियम बदलत असतात, ते त्या वेळी अधिकृत ठिकाणी बघून घ्या.

मी पोर्तुगीजमध्ये सुरू करते पण समोरचा लगेच इंग्रजीत उत्तर देतो. काय करू?

त्याला वाटतं तो तुम्हाला मदत करतोय. रागावू नका पण तुम्ही पोर्तुगीज सोडू नका. एक वाक्य पाठ करा, ‘श्तो अ अप्रेंदेर, पोद फलार देवगार?’, मी शिकतेय, हळू बोलाल का. हे म्हटल्यावर मला एकानेही नाही म्हटलेलं नाही, उलट चेहरे उजळतात. आपल्याकडे कुणी परदेशी माणूस गावदेवी मार्केटमध्ये ‘भाजी कितीला’ म्हणाला तर भाजीवाल्या मावशी काय कौतुक करतील, तसंच.

आणि दुकानात शिरताना आधी बों दीया. दुपारनंतर बोआ तार्द. हे न म्हणता थेट विचारलं तर तिथे उद्धट समजतात. आभार मानताना बाई असाल तर ओब्रिगादा, पुरुष असाल तर ओब्रिगादु, समोरचा कोण आहे यावर नाही, तुम्ही कोण आहात यावर.

तू म्हणायचं की तुम्ही?

मित्र, मुलं, घरचे यांना तू, आणि त्यांचाही शब्द चक्क तू च आहे. पुस्तकातला ‘वोसे’ पोर्तुगालमध्ये मोठ्यांना म्हणू नका, बऱ्याच जणांना खटकतो. मोठ्या बाईला ‘अ सन्योरा’ म्हणायचं, आणि गंमत म्हणजे वाक्य असं होतं की बाईंना कॉफी हवीये का, समोर बसलेल्या बाईंनाच विचारत असताना. आपण नाही का म्हणत, काकूंना चहा हवाय का? ही अदब आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही.

मुलं शाळेत जाऊन पटकन शिकतात, मग दवाखान्यात वगैरे त्यांनाच बोलायला सांगितलं तर?

नका करू. मी हे केलंय म्हणून सांगते. तिथे तिसऱ्या वर्षी एका रात्री नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, आम्ही इमर्जन्सीला गेलो, मनगटावर रंगाची पट्टी बांधायच्या आधी नर्स प्रश्न विचारते, तिची घाई, माझी वाचा बसलेली, आणि माझी ९ वर्षांची मुलगी मध्ये उभी राहून बाबाला कुठे दुखतं, हातात कळ येते का, आधी कधी असं झालंय का हे विचारत होती आणि सांगत होती. नंतर कळलं ॲसिडिटी होती. पण तिने गाडीत मला विचारलं, आई, मी एखादा शब्द चुकीचा सांगितला असता तर? त्या रात्रीनंतर मी शरीराचे अवयव, दुखण्याचे प्रकार, कधीपासून, किती वेळा, हे सगळं आधी पाठ केलं, सोम्यागोम्या विषयांवरच्या गप्पा नंतर. तुम्हीही या क्रमाने करा. एक शब्द ध्यानात ठेवा, कोंश्तिपादु म्हणजे सर्दी झालेला, बद्धकोष्ठ नाही.

नवरा ऑफिसात असतो, मी दिवसभर घरी एकटी. शिकायची इच्छाच होत नाही.

हे फोनवर सांगताना बायकांचा आवाज खाली जातो, मला माहितीये. इथे तुम्ही बँकेत, शाळेत, सोसायटीत चटपटीत बोलणाऱ्या, आणि तिथे टपाल घ्यायलासुद्धा भीती वाटते, आपण मूर्ख झालो असं वाटतं. तुम्ही मूर्ख झालेल्या नाही आहात, तुमचे शब्द फक्त सामानात मागे राहिलेत. वहीपासून सुरुवात नका करू. रोज एकाच बेकरीत एकाच वेळी जा, एक कॉफी, एक पाँव, दोन वाक्यं. महिनाभरात त्या काकू तुम्हाला ओळखतील, दोन महिन्यांत तुमचं घरचं विचारतील. माझी पहिली खरी पोर्तुगीज अशीच झाली, आणि त्याच काकूंनी मला शेजारच्या आजींशी ओळख करून दिली, ज्या एकट्या राहायच्या आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच होतं. मी त्यांना बटाट्याची भाजी शिकवली, त्यांनी मला बकल्याऊ, म्हणजे खारवलेला मासा भिजवून करतात तो.

मुलांचं मराठी मागे पडेल का या सगळ्यात?

घरात मराठीच बोला, पोर्तुगीज शाळा शिकवते. काही शिक्षक सांगतात घरी पण पोर्तुगीज बोला, ऐकू नका, तुमची चुकीची पोर्तुगीज मुलांच्या काही कामाची नाही.

परत आल्यावर विसरते का हो?

बोलणं अडखळतं, समजणं जात नाही. मी दर रविवारी आपल्या संध्याकाळी त्या आजींना फोन करते. परवा त्या विचारत होत्या ठाण्यात पाऊस सुरू झाला का, मी म्हटलं हो, धो धो, आणि मला धो धो ला पोर्तुगीज शब्द आठवेना, तर मी तसंच मराठीत म्हटलं. त्यांना कळलं.